नऊ इंचांची सामाईक भिंत

साल दोन हजार बावीस, नोव्हेंबर महिन्यातला पहिला रविवार. जागा आमच्या वस्तीतलं विहार, सकाळची वंदना आटोपल्यावर. रक्कम नऊ हजार रुपये: सहा घरांचे प्रत्येकी दीड हजार, घरकुलाच्या नकाशांची फी. हजर होते आमच्या ओळीतल्या सहाही घरांतलं एकेक माणूस, माझी बायको, आणि जिला पैसे द्यायचे होते ती आर्किटेक्ट.

वस्ती उत्तर नागपुरातली, कामठी रोडपासून आत. आमच्या गल्लीत एका बाजूला सलग सहा घरं आहेत. पहिलं घर रस्त्याच्या कोपऱ्यावर, सहावं नालीला लागून. मी पाचव्या घरात राहतो आणि इतवारीतल्या एका ठोक धान्याच्या दुकानात हिशोब लिहितो. वस्तीला मालकी हक्काचे पट्टे मिळाले आणि पट्टा असलेल्याला घर बांधायला सरकारी अनुदान मिळू लागलं. अनुदान हप्त्याहप्त्याने येतं आणि पहिल्या हप्त्याआधी मंजूर नकाशा लागतो. तो नकाशा योजनेच्या यादीतल्या आर्किटेक्टनेच काढायचा असतो. आमच्या वाट्याला आलेल्या बाईंचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसा भागात होतं. वय तिशीच्या आत-बाहेर, स्कूटरवर यायच्या, पाठीवर नकाशांचं नळकांडं. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मीही तेच म्हणायचो.

मॅडमनी पैसे मोजून घेतले, प्रत्येकाला पावती दिली आणि प्रत्येकाला विचारलं की घरात काय काय पाहिजे. उत्तरं एकसारखीच आली. एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि पुढे कधीतरी वर चढता येईल असा जिना. चारही भिंती आपापल्या, हे जवळजवळ सगळ्यांनी न विचारता सांगितलं. मीही सांगितलं.

आमची जुनी घरं तशी नव्हती. सहा घरांमध्ये पाच भिंती सामाईक होत्या, नऊ इंची, विटेच्या. त्यांची एक रीत आमच्या ओळीत आमच्या वडिलांच्या पिढीपासून चालत आली होती. जो आधी बांधेल त्याने पूर्ण भिंत आपल्या खर्चाने उभी करायची. शेजारी नंतर तिला टेकून बांधेल तेव्हा त्याने भिंतीचे अर्धे पैसे द्यायचे. आणि अर्धे दिल्याशिवाय त्या भिंतीत आपल्या बाजूने खिळा ठोकायचा नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरातले सगळे फोटो चौथ्या घराच्या बाजूने नव्हे, सहाव्या घराच्या बाजूने लागलेले असायचे, कारण चौथ्या घराचे अर्धे पैसे वडिलांनी बऱ्याच उशिरा दिले.

सहाव्या घरात मावशी राहते. ती कोणाची सख्खी मावशी नाही, पण सगळी गल्ली तिला तसंच म्हणते. साठीच्या पुढची आहे. ती आणि तिची सून लांब रोट्या करतात. लग्नात, बारशात, चौदाव्याला नागपुरात ही रोटी लागतेच. पीठ सैलसर भिजवायचं, गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर टाकायचा. मावशीच्या समोरच्या खोलीत खिडकीखाली अशी दोन मटकी शेजारी शेजारी असायची. एकावर ती, दुसऱ्यावर सून. ऑर्डर घेताना ती गिऱ्हाइकाला विचारायची, जेवायला किती माणसं, आणि मनात दोन मटक्यांचा हिशोब करूनच हो म्हणायची.

नकाशे जानेवारीत आले. विहारातच मॅडमनी ते सतरंजीवर पसरले. प्रत्येक घराचा वेगळा कागद, मापं मीटरमध्ये. बायका खाली वाकून आपापलं स्वयंपाकघर शोधत होत्या. मावशीने आपला कागद दोनदा फिरवला आणि विचारलं, "यात माह्या चुली कुठी हायेत, मॅडम?"

मॅडम म्हणाल्या की हा हॉल आहे, चुली नकाशात दाखवत नाहीत. मग मावशीने त्यांना रोटीचं सगळं सांगितलं, हात हवेत पसरून. मॅडमनी ऐकून घेतलं. दाराला अडीच फूट, एका चुलीला माणसाच्या कोपरांसकट साडेतीन फूट, दोन चुलींना सात. समोरची भिंत आतून साडेदहा फूट. बसतं, असं म्हणून त्यांनी खिडकीखाली पेन्सिलने दोन गोल काढून दिले. मावशीने तो कागद घडी न करता घरी नेला.

सगळ्यांचे नकाशे मंजूर झाले. पहिल्या घराचा मालक घाईत होता. तो कूलर दुरुस्त करतो, कूलरचे लोखंडी स्टँड बनवतो. फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत त्याला जेवायला फुरसत नसते, त्यामुळे त्याला उन्हाळ्याआधी पायवा भरून घ्यायचा होता. त्याने फेब्रुवारीपासून पलीकडच्या गल्लीत एक खोली चार हजार महिना भाड्याने घेतली आणि सामान हलवायला सुरुवात केली.

बँकेचे कागद करून द्यायचं काम ओळीने माझ्यावर टाकलं होतं, म्हणून सहाही मंजूर नकाशे काही दिवस माझ्या घरी होते. मला बेरजा करायची सवय आहे. दुकानात दिवसभर पोत्यांच्या करतो, घरी विजेच्या बिलांच्या. प्रत्येक नकाशावर प्लॉटची रुंदी होती. मी ती मीटरची फूट करून एकाखाली एक मांडली. पहिलं घर साडेचौदा फूट. दुसरं पंधरा. तिसरं पावणेचौदा. चौथं सव्वापंधरा. माझं चौदा. मावशीचं बारा. बेरीज आली चौऱ्याऐंशी फूट सहा इंच.

बेरीज आली की ती कशाशी तरी ताडून बघायची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला फीत धरायला रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं केलं आणि मी नालीच्या बाजूने गेलो. फीत पन्नास फुटांची, म्हणून मध्ये एकदा खडूची खूण केली. गल्ली भरली ऐंशी फूट नऊ इंच. पुन्हा मोजली, तेवढीच भरली. बायको म्हणाली, "काय हरवलं?"

मी सांगितलं, पावणेचार फूट.

काय झालं हे समजायला मला थोडा वेळ लागला, पण गोष्ट साधी होती. पट्टे देताना मोजणीवाल्याने प्रत्येक घर वेगळ्या दिवशी, बाहेरून बाहेर मोजलं होतं. दोन घरांमधली एकच भिंत दोघांच्याही मापात पूर्ण धरली गेली. अशा पाच भिंती, प्रत्येकी नऊ इंच, म्हणजे पंचेचाळीस इंच. पट्ट्यावर जे होतं तेच नकाशावर आलं, आणि आम्ही सांगितल्याप्रमाणे मॅडमनी त्या मापात प्रत्येकाला चार भिंती काढून दिल्या. एकेक कागद बरोबर होता. सहाही कागद शेजारी शेजारी ठेवले की ओळ गल्लीपेक्षा लांब होत होती.

आता ही पावणेचार फुटांची तूट कोणाच्या घरात पडणार, हे कोण आधी बांधतं त्यावर होतं. पहिला रस्त्यापासून साडेचौदा फूट घेऊन बांधणार. दुसरा त्याच्या भिंतीपासून पुढे आपले पंधरा. असं सरकत सरकत माझं घर संपतं तिथे बहात्तर फूट सहा इंच. पुढे नालीपर्यंत उरतात आठ फूट तीन इंच. त्यात मावशीच्या दोन भिंती काढल्या की आतून पावणेसात फूट. मावशी सगळ्यांत शेवटी बांधणार हे ठरलेलंच होतं, कारण लग्नाच्या ऑर्डरी सोडून दुसरीकडे राहायला जाणं तिला लगेच जमणार नव्हतं. पावणेसात फुटांत अडीच फुटांचं दार आणि साडेतीन फुटांची एक चूल बसते. दुसरी बसत नाही. सुनेचं मटकं गेलं म्हणजे निम्म्या ऑर्डरी गेल्या. आणि ते घर त्या निम्म्या ऑर्डरींवरच चालत होतं, मावशीच्या मुलाचं कुठलंच काम टिकत नव्हतं.

मी मॅडमना फोन केला. त्या संध्याकाळी आल्या, आमच्या ओट्यावर बसून सहाही कागद ओळीने लावले, कडा एकमेकींना जुळवल्या आणि स्वतः बेरीज केली. माझ्या बायकोने चहा ठेवला, तो तसाच राहिला.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "मी सहा घरं काढली. ओळ काढलीच नाही."

फाइल घराघराची वेगळी असते, शेजारचं घर मोजायला कोणी सांगत नाही, हे त्यांनी नंतर सांगितलं, पण स्वतःचा बचाव करायचा म्हणून नव्हे. त्यांनी एक मार्ग काढला होता. जुन्यासारख्याच सामाईक भिंती ठेवायच्या. भिंतीचा मध्य हीच हद्द. पूर्ण ओळीचा एक नकाशा, आणि त्यात ज्याची फाइल त्याचं घर लाल रेघांनी भरलेलं. प्रत्येकाच्या आतल्या मापात एक इंचही कमी होत नाही. कागदावरची रुंदी तेवढी घटते, टोकाच्या घरांची साडेचार इंच, मधल्या घरांची नऊ. पण सहाही जणांच्या सह्या पाहिजेत आणि मंजुरी पुन्हा घ्यावी लागेल. त्यांच्या अंदाजाने दोन महिने.

त्या आठवड्यातच रविवारी पुन्हा विहारात बसलो. मी बेरीज सांगितली. तिसऱ्या घरातल्याने ती आपल्या मोबाइलवर करून पाहिली. चौघं तयार झाले, त्यात मीही होतो. मावशी भिंतीला टेकून ऐकत होती. कूलरवाला तयार नव्हता. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

"माह्या पट्ट्यावर साडेचौदा फूट लिहून आहे," तो म्हणाला. "सरकारनं मोजून देल्लं. मी काहून कमी करू? उद्या पोराले वरचा मजला चढवायचा असला तर शेजाऱ्याच्या दारात सही मांगत फिरू का?"

मॅडम म्हणाल्या की वरच्या मजल्याची दोघांची संमती याच कागदावर आत्ताच लिहून घेऊ, आणि खांब दोघांचं वजन घेतील असेच धरू. त्याने मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हती. आणि दोन महिन्यांचं भाडं कोण देणार, असं त्याने विचारलं. घर रिकामं करून तो बसला होता. दुसऱ्या घरातला म्हणाला की वर्गणी काढू. कूलरवाल्याला ते आवडलं नाही. वर्गणी घेऊन मी घर बांधीन का, म्हणाला.

तेव्हा मावशी बोलली. आवाज चढवला नाही.

"काय गा, तुह्या लग्नात पाच पंगती उठल्या होत्या. रोट्या कोनी केल्या?"

"तुम्हीच केल्या, मावशी."

"दोन मटक्यांवर केल्या. एकच मटकं असतं तं तुही वरात आजपावतो पंगतीत बसून राहिली असती."

सगळे हसले, तोही हसला. मॅडमही हसल्या. पण सही त्याने तेव्हाही केली नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण गल्लीत आता असंच सांगतात की मावशीच्या एका वाक्यावर तो विरघळला.

मी त्याला बाजूला घेतलं आणि एक हिशोब दाखवला. त्याची आणि दुसऱ्या घराची मधली भिंत पायव्यापासून स्लॅबपर्यंत साधारण अडतीस हजाराला पडणार होती. स्वतंत्र बांधली तर पूर्ण त्याच्या खिशातून. सामाईक केली तर रीतीप्रमाणे एकोणीस हजार शेजारी देणार. दोन महिन्यांचं भाडं आठ हजार. एकोणिसातून आठ गेले.

"अकरा हजार," तो म्हणाला.

"अकरा हजार वाचतात. आणि आतून खोली तेवढीच राहते, तेरा फूट."

त्याने माझ्याकडून कागद घेतला, स्वतः पुन्हा वजाबाकी केली आणि विचारलं, शेजारी देईल हे लिहून घेतलं का. दुसऱ्या घरातला तिथेच उभा होता. त्याने मॅडमच्या कागदामागे लिहून दिलं. मग कूलरवाल्याने सही केली. जाता जाता मावशीला म्हणाला, "मावशी, पोराच्या लग्नालेही दोनच मटकी लावजा." मावशी म्हणाली की पोरगा आधी दहावी तर होऊ दे.

त्याला कशाने पटलं, अकरा हजारांनी की रोट्यांनी, हे मी सांगू शकत नाही. त्यालाही सांगता येईल असं वाटत नाही.

मॅडमनी नवीन नकाशाचे पैसे घेतले नाहीत. फक्त छपाईचे घरामागे शंभर घेतले. मंजुरीच्या ऑफिसात एका खिडकीवर सांगितलं की सहा घरांचा एक नकाशा चालत नाही, फाइली सहा आहेत. मॅडमनी तोच नकाशा सहा वेळा छापला, सहा फाइलींत लावला. मोजणीवाला पुन्हा आला आणि या वेळी त्याने गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजली. मी खडूची जुनी खूण दाखवली, ती पुसट झाली होती. मंजुरीला दोनाच्या जागी अडीच महिने लागले. वरच्या पंधरा दिवसांच्या भाड्याबद्दल कूलरवाल्याने मला दोन-तीनदा ऐकवलं. अकरा हजारांचे नऊ झाले, असं तो आजही कोणी विचारलं तर सांगतो.

नवीन नकाशात मावशीच्या हॉलमध्ये, खिडकीखाली, दोन गोल छापून आले होते. या वेळी पेन्सिलचे नव्हते.

कूलरवाल्याने भर उन्हात एप्रिलमध्ये पायवा खणला आणि सीझन भावाच्या भरवशावर सोडला. दुसऱ्या घराने पावसानंतर बांधलं आणि कबुलीप्रमाणे त्याला अर्धे पैसे दिले. तिसरं, चौथं त्यानंतर. माझं घर दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बांधायला निघालं. मावशीच्या बाजूची भिंत मी उभी केली, नऊ इंची, मध्य बरोबर हद्दीवर. गवंड्याने ओळंबा लावला तेव्हा मावशीचं जुनं घर शेजारी उभं होतं, मधली जुनी भिंत मात्र पाडलेली, म्हणून आम्ही तिची ती बाजू लाकडी बल्ल्यांनी टेकवून ठेवली. त्या भिंतीच्या विटा, सिमेंट, रेती, मजुरी मी बाकीच्या घरापासून वेगळी लिहिली. अंदाजापेक्षा जास्त लागले. एकूण बेचाळीस हजार सहाशे.

मावशीचं घर सगळ्यांत शेवटी, लग्नाचा हंगाम संपल्यावर पाडलं. बांधकाम चाललं तेवढे महिने दोन्ही मटकी विहारामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याखाली होती आणि ऑर्डरी चालू होत्या. अनुदानाचा शेवटचा हप्ता उशिरा आला. स्लॅब भरून झाला, फरशी झाली, खिडकी बसली. मी एकदा आत जाऊन मोजलं. साडेदहा फूट.

मग एका संध्याकाळी मावशी सुनेला घेऊन आमच्याकडे आली. मावशीने बायकोच्या हातात रुमालात बांधलेले पैसे दिले. बायकोने ते उघडले नाहीत. अनुदान संपलं आहे, मुलाचं काम पुन्हा सुटलं आहे, हे आम्हाला माहीत होतं. बायको म्हणाली की राहू द्या, सवडीने बघू. मीही म्हणालो की घाई नाही, आणि न दिले तरी भिंत काही पडत नाही.

मावशी बसली. पाणी घेतलं.

"आयक वं," ती बायकोला म्हणाली. "तुम्ही पैसे नाही घेतले तं भिंत तुमची राहते. मंग मले फोटो टांगाचा असला तं तुमाले इचारून टांगू? एवढी मोजामाजी केली ती काय म्हनून केली?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी गाठ सोडली आणि पैसे मोजले. पूर्ण होते. मी बिलांचा हिशोब तिच्यापुढे ठेवला, तिने तो सुनेकडून वाचून घेतला आणि विचारलं की उरलेले विटांचे तुकडे कोणी नेले. मी सांगितलं की नाली भरायला टाकले. ते ठीक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात जायला निघालो तेव्हा पलीकडून भिंतीवर हातोड्याचे ठोके ऐकू आले. आमच्या बाजूचा रंग कुठे उडाला नाही ना, हे मी पाहिलं. उडाला नव्हता.

भिंतीची एकूण रक्कम बेचाळीस हजार सहाशे. त्याचे अर्धे, एकवीस हजार तीनशे रुपये, सहाव्या घराच्या मावशीने पाचव्या घराला, म्हणजे मला, रोख दिले. पावती मी दिली.